लाल जाकिटाचं खरं

द हेग, ३ फेब्रुवारी १९२१

मारेत्ये,

अक्षर ओळखून पत्र फाडणार असशील, तर एवढी ओळ वाचून फाड: मी तुझी माफी मागायला लिहिते आहे.

तुझा पत्ता एका ओळखीच्या पाळकांनी शोधून दिला. रॉटरडॅमच्या खलाशांच्या वसतिगृहात धुण्याचं खातं तू सांभाळतेस, हाताखाली सहा मुली आहेत आणि त्या तुला वचकून असतात, असं ते म्हणाले. ऐकून बरं वाटलं. मी अजून तीच, थेओडोरा रोस्काम. ओस्टरवीरला तुम्ही सगळे मला ‘रंगवाली बाई’ म्हणायचात. आता अठ्ठावन्नची झाले, गुडघे गेले, पण हात चालतो.

मे महिन्यात इथलं संग्रहालय माझ्या चाळीस वर्षांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवतं आहे. शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर तू असणार. उलट्या घातलेल्या होडीवर बसलेली, लाल जाकीट घातलेली, हसणारी तू. ‘पुन्हा वसंत’. संग्रहालयाचे संचालक परवा म्हणाले, “बाई, हे चित्र म्हणजेच तुम्ही.” मी मान डोलावली, घरी आले, आणि वाढून ठेवलेलं सूप तसंच गार झालं.

तुला सांगायचं ते हे. कोकोच्या कंपनीने त्या चित्राचं कॅलेंडर छापलं, त्यात माझा हात नव्हता. चित्र पॅरिसला जाणार, ओस्टरवीरमध्ये कुणाच्या नजरेला पडणार नाही, असं मी तुला सांगितलं होतं आणि माझाही तसाच समज होता. चित्र दलालाकडे गेलं, दलालाकडून कंपनीकडे. १९०५च्या नववर्षाला प्रत्येक डब्याबरोबर एकेक कॅलेंडर फुकट वाटलं गेलं आणि तू तुमच्याच गावच्या वीस भिंतींवर लटकलीस, हे मला फार उशिरा कळलं. तुला गाव सोडावं लागलं आणि सासूने तुझ्या लेकीला, नेलला, ठेवून घेतलं, हे तर त्याहून उशिरा.

मला वाईट वाटतं. काही लागलं सवरलं तर कळव.

थे. रोस्काम


द हेग, २४ फेब्रुवारी १९२१

मारेत्ये,

तुझं उत्तर नाही. मी पत्रांचा कच्चा खर्डा जपून ठेवते, तेवढी मी स्वतःवर खूश असते. काल मागच्या पत्राचा खर्डा वाचला. वकिलाने लिहिल्यासारखं पत्र आहे. काही लागलं सवरलं तर कळव म्हणे. वाचताना माझे कान तापले.

तर खरं असं. कागदावर सही मीच केली. कंपनीचा माणूस माझ्या खोलीवर आला होता. कागदात ‘कॅलेंडर’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याने विचारलं, “गाव कुठलं हो हे?” मी म्हटलं, आतल्या समुद्राच्या काठचं. तो म्हणाला, “वा, तिकडे आमचा माल चांगला खपतो.” हे वाक्य मी नीट ऐकलं आणि मग सही केली.

तेव्हा मी बेचाळिशीला आले होते. बारा वर्षं चित्रं पाठवत होते आणि बारा वर्षं ती दाराच्या वर, छताजवळ टांगली जात होती, मान मोडून घेतल्याशिवाय दिसणार नाहीत अशी. चित्रकार मंडळातले पुरुष मला ‘स्वयंपाकघरातला ब्रश’ म्हणायचे, तोंडावर. आणि इथे एक माणूस सांगत होता की माझं चित्र चाळीस हजार घरांत लागेल. हे कारण म्हणून सांगत नाही. किंवा सांगते आहे, पण ते पुरत नाही, हे मला कळतं.

लाल म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असंही मी आजवर लोकांना सांगत आले. शहरातली बाई, तिला काय ठाऊक. पण तूच मला सांगितलं होतंस, पहिल्याच आठवड्यात, बटाटे सोलता सोलता. नवरा गेला की तीन वर्षं काळं. मग निळं. आणि लाल पुन्हा अंगावर चढलं, तर विधवा दुसऱ्या माणसाला हो म्हणायला तयार आहे, एवढं गावाला कळतं. तोंडाने सांगावं लागत नाही. तुझ्या तायमनला बुडून तेव्हा अकरा महिने झाले होते आणि त्याचं प्रेतही मिळालेलं नव्हतं.

१९०३च्या ऑगस्टमधली ती सकाळ मला शब्दन् शब्द आठवते.

तू म्हणालीस, “बाई, काळ्यातच काढा की. आहे ते काळं आहे.”

“काळ्या कपड्यांतल्या विधवा दर प्रदर्शनात डझनभर असतात गं. रंगापुरतं घाल. तासभर.”

“माझ्या सासूने बघितलं तर दारात उभी करायची नाही मला.”

“कोण बघतंय? पॅरिसला जाणार आहे ते.”

“पॅरिसच्या लोकांना लाल म्हणजे काय ते कळतं का?”

“त्यांना लाल म्हणजे लाल.”

तू म्हणालीस, “नशीबवान आहेत मेले.” मग पेटीच्या तळातून आपलं लग्नातलं जाकीट काढलंस. घड्यांच्या खुणा पडल्या होत्या. तू त्या हाताने सारख्या केल्यास. मी तुला घाई केली, ऊन सरकत होतं म्हणून.

तू तयार नव्हतीस. मी तुला तयार केलं. हे मागच्याच पत्रात लिहायला हवं होतं.

थेओडोरा


द हेग, १६ मार्च १९२१

मारेत्ये,

तुझं पत्र आलं. इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं आहे. तरी इथे उतरवून काढते, म्हणजे मला पुढे ‘तसं काही म्हटलं नव्हतं’ असं म्हणता येणार नाही. माझी खोड मला ठाऊक आहे.

“बाई, दोन्ही पत्रं पोचली. मला माफीची पत्रं पाठवू नका. काय झालं ते मला ठाऊक आहे, मी तिथे होते. ज्यांना ठाऊक नाही ते ओस्टरवीरला आहेत. बारा मेला नेलचं लग्न आहे. गावचा एक खलाशी इथे उतरला होता, त्याने सांगितलं. आमच्यात नवरीला लग्नाचे कपडे आई चढवते. ते आता आजी चढवणार. बाप बुडून वर्ष झालं नाही तोवर आईने लाल घातलं आणि दुसरा शोधायला निघाली, असं पोरीला सांगून वाढवलंय. मी जाऊन सांगितलं तर म्हणतील, ही तर असंच म्हणणार. तुम्ही सांगितलं तर ऐकतील, कारण त्यात तुमचाच तोटा आहे. जमलं तर सांगा. नाहीतर शाई वाया घालवू नका.”

मी जाईन. पण मारेत्ये, एक अडचण आहे. प्रदर्शन चौदा मेला उघडतं. त्याच्या आधी हे बाहेर फुटलं, तर वर्तमानपत्रं चित्राचं काय करतील ते तूच बघ. अठरा वर्षं सगळे म्हणत आले की या चित्रकर्तीने एका विधवेला आपणहून पुन्हा जगण्याकडे वळताना पकडलं. सोळा तारखेला मी नक्की गेले असते, पण मग लग्न होऊन गेलेलं असेल, हे मला कळतं.

म्हणून तूर्त मी फोप्पेंना पत्र टाकलं आहे. ते अजून चर्चच्या पंचांमध्ये आहेत असं कळलं. सगळं कबूल करून लिहिलं आहे. त्यांनी मंडळीपुढे वाचून दाखवलं की झालं. मी स्वतः येण्याची गरजही पडणार नाही कदाचित.

हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे, तरी पत्र टाकते.

थेओडोरा


द हेग, २० एप्रिल १९२१

मारेत्ये,

फोप्पेंचं उत्तर आलं. चार ओळी. “आपण आमच्या मंडळीतल्या नाही. मंडळीबाहेरच्या माणसाची कबुली आम्हाला घेता येत नाही. शिवाय १९०५ सालच्या फेब्रुवारीत मी स्वतः आपल्याकडे आलो होतो. तेव्हा आपण जे सांगितलंत ते माझ्या वहीत आहे. आता दोन्हींतलं कुठलं खरं मानावं?”

तो आला होता, हे मी तुला लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

कॅलेंडर गावात पोचल्यावर महिन्याभराने तो सकाळच्या गाडीने द हेगला आला. काळा कोट, टोपी गुडघ्यावर. माझ्या खोलीत टर्पेंटाइनचा वास होता म्हणून खिडकीपाशी बसला. कॉफीला नको म्हणाला. त्याला तुझ्याशी वैर नव्हतं, मारेत्ये, उलट तुला सोडवायलाच आला होता बिचारा.

म्हणाला, “बाई, एकच विचारतो. ते जाकीट तुम्ही घालायला लावलंत की ती आपणहून घालून बसली? तुम्ही लावलं असेल तर प्रकरण इथेच मिटलं. शहरातल्या बाईचा खुळेपणा म्हणून गाव हसेल आणि सोडून देईल.”

टेबलावर पॅरिसहून आलेलं पत्र होतं. चित्राला पदक द्यायचं घाटत होतं. परीक्षकांनी लिहिलं होतं, की या चित्रात काही मांडलेलं, रचलेलं वाटत नाही, खरं तेवढंच आहे.

मी म्हटलं, “ती आपणहून घालून आली.”

त्याने खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. मला म्हणाला, “नक्की?” मी म्हटलं, “नक्की.” त्याने टोपी घातली आणि गेला. पदक मला एप्रिलमध्ये मिळालं.

मग तुला सगळ्या मंडळीपुढे उभं राहून चूक कबूल करायला सांगितलं गेलं आणि तू नाही म्हणालीस. हे मला पाळकांनी आता, या वर्षी सांगितलं. तू म्हणालीस म्हणे, “चूक केली असती तर कबूल केली असती.” माझं नाव तू शेवटपर्यंत घेतलं नाहीस. घेतलं असतंस तरी वहीत माझा शब्द तुझ्याविरुद्ध होताच.

एवढं एक वाक्य. त्यावर माझं घर उभं आहे, हे पडदे, ही मोलकरीण, हे प्रदर्शन. लोक मला रस्त्यात हॅट काढून नमस्कार करतात, तेव्हा कित्येकदा वाटतं, यांच्यातला एखादा टोपी गुडघ्यावर ठेवून पुन्हा विचारेल. कुणी विचारत नाही. मला माझ्या तोंडाकडे आरशात बघवत नाही, आणि गंमत बघ, मी स्वतःची सात चित्रं काढली आहेत.

फोप्पेंच्या पत्रामागे लपता येणार नाही आता. मी येत्या तीन तारखेला ओस्टरवीरला जाते. आता सांगण्यासारखं काही शिल्लक नाही असं वाटतं.

थेओडोरा


एन्खाउझन, ४ मे १९२१

मारेत्ये,

खानावळीत बसून लिहिते आहे. काल जाऊन आले. घाईत आहे, टपाल बाराला निघतं आणि हे तुला लवकर मिळायला हवं.

धक्क्यावर उतरले तेव्हा बांधावर दहाबारा बायका जाळी दुरुस्त करत होत्या. कुणीतरी मला लगेच ओळखलं. “रंगवाली बाई आली गं. दारं लावून घ्या.” दुसरी म्हणाली, “आता काय काढणार? आपण सगळ्या सुकून बोंबील झालो.” हसल्या. मी वाट बघितली नाही. वाट बघितली असती तर परतीच्या बोटीत बसले असते. तिथेच उभी राहून म्हटलं, की मारेत्येने जाकीट आपणहून घातलं नव्हतं. मी घालायला लावलं. कुणी बघणार नाही म्हणून फसवलं. कॅलेंडरच्या कागदावर सही मी केली. फोप्पेंना खोटं मी सांगितलं.

हसू थांबलं. सुया थांबल्या. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, “आणि सोळा वर्षांनी आलीस? बोट चुकली वाटतं.”

मी म्हटलं, “नाही. बोटी रोज होत्या.”

एका मुलीने उठून मला तुझ्या सासूचं, ग्रीटचं, दार दाखवलं. मला ते ठाऊक होतं, तरी ती पुढे चालत गेली आणि मागून त्या सगळ्या आल्या, जाळी तिथेच टाकून.

ग्रीट आता खुर्चीतून फारशी उठत नाही. बाकी आवाज तोच. नेल टेबलाशी पीठ मळत होती. चांगली उंच झाली आहे, कोपरापर्यंत पिठाने माखलेली. मी दारात उभी राहून सगळं पुन्हा सांगितलं. बायका मागे दाटीवाटीने उभ्या होत्या. माझं संपल्यावर ग्रीट म्हणाली:

“माझ्या लेकाचं प्रेत सापडलं नव्हतं. दोन वर्षं मी दाराला कडी लावली नव्हती. त्याला आत येताना अडचण नको. आणि दुकानातून कोको आणला तर ही भिंतीवर. लाल घालून. हसतेय.”

“लाल माझ्यामुळे,” मी म्हटलं.

“ऐकलं ते. हसायलाही तुम्हीच लावलंत?”

मी तुला कधी हस म्हटलं नव्हतं. उलट हलू नकोस म्हणून ओरडत होते.

तेवढ्यात नेल हात न धुता आतल्या खोलीत गेली आणि बायबल घेऊन आली. त्यातून एक घडी काढली. कॅलेंडरचं पान होतं ते, खालच्या तारखा कापलेलं, घड्यांवर पांढरं पडलेलं. ग्रीटच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की तिलाही हे ठाऊक नव्हतं. नेल पान माझ्यासमोर धरून म्हणाली, “घरात आईचा दुसरा चेहरा नाही. लहानपणापासून बघतेय. मला कायम वाटायचं, आमच्यातून सुटली म्हणून हसतेय. खरं सांगा बाई. कुणाकडे बघून हसतेय ही?”

आणि मारेत्ये, मला आठवलं. अठरा वर्षं या चित्रावर लोकांशी बोलले, भाषणं केली, आणि हे एकदाही आठवू दिलं नव्हतं. तुला लिहिताना सुद्धा गाळलं.

मी नेलला म्हटलं, “तुझ्याकडे.”

चार वर्षांची होतीस तू, मी तिला सांगितलं. माझी गवताची हॅट डोक्यावर, नाकापर्यंत आलेली. माझ्या पाठीमागे माझ्याच स्टुलावर चढून उभी होतीस, तोंडात ब्रश. माझी नक्कल करून आईला हुकूम सोडत होतीस: मान वर, हलू नकोस, ऊन चाललंय. तुझी आई अकरा महिन्यांत पहिल्यांदा हसली असावी, कारण हसताना तिने पटकन तोंडावर हात नेला आणि मी ओरडले, हात खाली. होडीच्या कडेला तुझी सावली पडली होती, ती मी काढली होती. हॅटसकट. संध्याकाळी खरवडून टाकली. आई नि मूल सगळेच काढतात, असं माझ्या मनात आलं. तुझी सावली राहिली असती तर ‘पुन्हा वसंत’ असं नाव कुणाला देता आलं नसतं. तुझ्या आजीला तरी हसण्याचा वेगळा अर्थ लागला नसता. तू पुसली गेलीस, मग ते हसू कुणाचंही झालं.

हे शेवटचं. याच्याखाली खरंच काही नाही.

नेल पान हातात धरून उभी होती. रडली नाही. पिठाची बोटं कागदावर उमटली होती, तिकडे बघत राहिली. मग ग्रीट नेलला म्हणाली, “बारा तारखेला ती आली की दार तू उघड. मला उठवत नाही.” दारातल्या बायकांना म्हणाली, “झालं ना बघून? जाळी कोण करणार, माझा बाप?”

त्या गेल्या.

तिथून आल्यावर मी संग्रहालयाला तार केली. चित्राचं नाव काढा, आणि खाली दोन ओळींत खरं लिहा, नाहीतर चित्र टांगू नका. आज सकाळी उत्तर आलं आहे. संचालक फार दुखावले आहेत. ते म्हणतात, प्रेक्षकांना हे कशाला सांगायचं. बहुतेक ती भिंत रिकामी राहील. मला त्याचं दुःख होतं आहे, एवढंही खोटं सांगत नाही.

लग्नाला मला बोलावलेलं नाही. विचारायचं धाडस मी केलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. निघताना नेल धक्क्यापर्यंत आली होती, ती माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी निरोप द्यायला. म्हणाली, नऊच्या बोटीने ये. कपडे कुठले घालायचे ते तुझं तू बघ, कुणी काही म्हणणार नाही, म्हटलं तर ती बघून घेईल. मी तिला म्हटलं, गर्दी असेल त्या दिवशी, इतक्या वर्षांनी आईला ओळखशील कशी? सोळा वर्षांत माणूस बदलतं.

ती म्हणाली, “हसली की कळेल.”

थेओडोरा